दहा सेंटिमीटरचा चौकोन

३ नोव्हेंबर, सोमवार
आईच्या ब्लाउजचा नमुना अखेर इंटरनेटवर सापडला. शस्त्रक्रियेत डावा स्तन गमावलेल्या स्त्रियांसाठीच आखलेला. आतून खिसा, त्यात कापसाची छोटी गादी. आखणाऱ्या बाईंचेही तेच झालेले. कुठल्या देशी असतात, कोण जाणे. विनामूल्य दिला आहे.
मार्चपासून आईने साडी नेसलेली नाही. गाऊन, वर ओढणी. "शिंप्यासमोर उभी राहू? त्यापेक्षा साड्या वाटून टाक." आज कशीबशी तयार झाली. पडदे ओढून, दिवा मालवून. अंधुक उजेडात चाचपत मापे घेतली. "एकदाच हं. पुन्हा विचारायचं नाही."

५ नोव्हें., बुध.
नमुना चौदा पानांवर छापून पाने जोडायची. पहिल्या पानावर एक चौकोन असतो. त्याची बाजू नेमकी दहा सेंमी भरली, तरच बाकीच्या रेषा खऱ्या. नेरूळ स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्या म्हात्रेकाकांकडून छापून आणला. घरी आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप लावली. जेमतेम सव्वानऊ! पानात मावावे म्हणून संगणकाने सगळेच आक्रसून टाकले होते.
पुन्हा जायचे. सर्वांदेखत बोलायचे. वाक्य तीनदा पाठ केले.

६ नोव्हें., गुरु.
बोलले. "काका, फिट टू पेज नको. शंभर टक्के." नवी पाने आली. तिथेच टेप लावली: नऊ पूर्णांक आठ.
"काका, अजून कमी आहे."
"मशीन खोटा नाय बोलत, बाय." काकांनी खणातून स्टीलची पट्टी काढली. "ही लाव. धा हाय का नाय?"
नेमके दहा. चारही बाजू.
"तुजी टेपच ताणलेली हाय. किती वर्साची?"
माझ्याहून थोरली.
त्या बाईंनी आपल्या टेबलावर आखलेले दहा आणि माझ्या हातातले दहा एकच! समुद्रापलीकडून आलेल्या चौकोनाने आमच्या डब्यातली चूक दाखवली. 
घरी परतताना जुईनगरपर्यंत पोहोचल्यावर उमगले: आईची मापे त्याच टेपने घेतली आहेत. ताणलेली टेप माप कमी दाखवते. ब्लाउज व्रणावर आवळला असता.
पण ती म्हणाली होती, एकदाच...

८ नोव्हें., शनि.
नवी टेप आणली. काकांच्या पट्टीशी ताडून घेतली. फरशीवर पाने जोडली. तुटक रेषा एकमेकींना जाऊन मिळाल्या. काखेचा बाक तीन पानांतून अखंड वाहत गेला. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.
आईला सांगितलेले नाही.

९ नोव्हें., रवि.
सांगितले. आई जुनी टेप बोटांभोवती गुंडाळत राहिली. मग एकदम, "तरीच तुझे फ्रॉक दर वर्षी घट्ट! आणि मी तुलाच बोलायचे, भात कमी खा म्हणून." हसली. हसताना हात डावीकडे धरलेला.
दु. ४. खोलीतून तिची हाक. पडदे ओढलेले. मी आपण होऊन दिव्याच्या बटणाकडे हात नेला.
"लाइट राहू दे गं. अंधारात परत चुकशील."
ती जागा आज प्रथमच पाहिली. एक तिरपी, फिकट रेघ. आणि खाली तिचा श्वास चालू, टेप वर-खाली होणारी...
आकडे लिहून ठेवले आहेत. कापड अजून कापलेले नाही.