चार तारा एकेक स्वर खाली

कॅरी,
७ एप्रिल १९८५

ती. दादास,
सुनेत्राचा सा. न. वि. वि.

प्रतिमावहिनीने पाठवलेले डिंकाचे लाडू पोचले. हाड जुळून प्लास्टर निघालं तरी लाडू मी खातेच आहे, हे तिला सांग. जानेवारीत बर्फावरून घसरले तेव्हा वाटलं होतं, कोपर मोडलंय ते सहा आठवड्यांत भरून येईल. कोपर भरलं, पण तिथली नस दबली ती दबलीच. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी अजून वळत नाहीत. थेरपिस्ट म्हणते, वर्ष लागेल, आणि पूर्ण येतीलच असं नाही. लॅबचं काम उजव्या हाताने निभतं. ड्रायव्हिंगही सुरू केलंय.

एक ठरवलंय. गिटार शेजारच्या पद्मिनीला देऊन टाकते. तिला कधीची शिकायची आहे. महिनाअखेर ती घेऊन जाईल. बारा वर्षं वाजवली, पुष्कळ झालं. कपाटाशी उभी असते ना, येता-जाता दिसते, ते सोसत नाही. फोन करून वाद घालू नकोस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू दे.
तुझी,
सुनेत्रा

सनीव्हेल,
१२ एप्रिल १९८५

चि. सुनेत्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘बरी आहे’ म्हणून ठेवून देतेस. पण गिटार देऊ नकोस! निदान हे पत्र शेवटपर्यंत वाचेपर्यंत तरी.

आमच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात हॅरॉल्ड नावाचा टेक्निशियन आहे. साठीला आलेला, अबोल. सहा वर्षं त्याच्याबरोबर मशिनं दुरुस्त करतोय, पण हा माणूस गिटार वाजवतो याचा मला पत्ता नव्हता. काल लंचला पार्किंग लॉटमागच्या बाकावर वाजवत बसला होता. डावा हात मांडीवर होता आणि उजव्याने नुसता तारांवरून अंगठा फिरवला. अगं, अख्खा सूर उमटला! उदास, पण भरलेला. काहीही न दाबता! मी सँडविच हातात धरून तसाच उभा.

मग डावा हात वर आला तेव्हा बघितलं. त्याला तर दोन बोटंच नाहीत. तरुणपणी लाकडाच्या गिरणीत गेली. मी तुझी हकिकत सांगितली. तो म्हणाला, त्यानेही दोन वर्षं गिटारला हात लावला नव्हता. मग म्हणाला, बोटं कमी पडली म्हणून त्यांचं काम मी तारांना दिलं.

युक्ती अशी. पाचवी आणि चौथी तार आहे तशीच. उरलेल्या चार, म्हणजे सहावी, तिसरी, दुसरी आणि पहिली, एकेक स्वर उतरवायच्या. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, एफ, ए, डी. आपल्या भाषेत सा, प, सा, कोमल ग, प, सा. याला तो ओपन डी मायनर म्हणतो. त्याने स्वतः चितारून दिलेला कागद सोबत आहे.

मला तबल्यापलीकडे काही कळत नाही, तरी काल घरी येऊन वहिनीला तासभर हेच सांगत होतो. तिने शेवटी मला सुनावलं की मला नको, सुनेत्राला सांगा. म्हणून सांगतोय.

काय होतं ते लगेच कळव. आमचे आशीर्वाद कायम तुझ्या पाठीशी.
शैलेंद्र

कॅरी,
२१ एप्रिल १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून राग आला होता. जो तो मला उपाय सांगतो. पत्र खणात टाकलं आणि पाच दिवस बघितलं नाही. काल पद्मिनी ठरल्यापेक्षा आधीच गिटार न्यायला आली. म्हटलं, जाता जाता एकदा करून बघू.

पहिल्याच झटक्याला गाढवपणा केला. तिसरी तार उतरवायची सोडून चढवत गेले, ती तुटून फटकन गालावर बसली. पद्मिनी किंचाळली. नवी तार लावली, सगळ्या नीट जुळवल्या, आणि उजव्या हाताने सहज छेडलं.

दादा, काय सांगू! लाकूड पोटातून बोललं. ही माझीच गिटार, पण इतकी खोल कधी बोललीच नव्हती. तर्जनी गिटारच्या गळ्यावरच्या पाचव्या पट्टीवर सरळ आडवी ठेवली की दुसरा मायनर कॉर्ड, सातव्या पट्टीवर तिसरा. एका बोटात! आणि तिसरी तार पहिल्याच पट्टीवर दाबली की उदास सूर एकदम हसरा होतो. बोट उचललं की परत उदास. मी लहान मुलीसारखं तेवढंच वीस वेळा केलं.

जुनी एकही गत मात्र येत नाही. सगळे स्वर आपापली जागा सोडून दुसरीकडे राहायला गेलेत. बारा वर्षांनी पुन्हा बिगरीत बसले, आणि त्याचाच इतका आनंद झालाय की पोळी करपली.

पद्मिनी दोन तास ऐकत बसली. उठताना म्हणाली, गिटार तुझ्याकडेच राहू दे, मला फक्त शिकव.

हॅरॉल्डना माझे मनापासून आभार सांग. रागावले होते ते पोटात घाल आणि लोभ ठेव.
सुनेत्रा

सनीव्हेल,
९ जून १९८५

चि. सुनेत्रास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनचा रिसीव्हर गिटारपाशी ठेवून वाजवलंस ते वहिनीने आणि मी एकाच रिसीव्हरला दोन कान लावून ऐकलं. पण आज वाईट बातमी आहे. चिपचा धंदा बसलाय. शुक्रवारी आमच्याकडे ले-ऑफ झाले. माझी नोकरी शाबूत आहे, हॅरॉल्ड गेला. मी मीटिंगमध्ये होतो. बाहेर आलो तेव्हा त्याचं टेबल रिकामं होतं. निरोपही घेता आला नाही. त्याचा पत्ता ऑफिसातून देत नाहीत, फोन नंबर डिरेक्टरीत नाही.

पण तू थांबू नकोस. एक कॅसेट भरून पाठव. तो सापडला की त्याला ऐकवीन, हे माझं काम.
तुझा,
दादा

कॅरी,
१८ ऑगस्ट १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कॅसेट सोबत आहे, आणि आधी एक बातमी. परवा अनामिका हलली! जेमतेम तांदळाएवढी, पण हलली. थेरपिस्टने मला मिठी मारली.

आता खरी गंमत. हॅरॉल्डच्या जुळणीत मी महिनाभर मालकंसाचे स्वर शोधत होते, पण दर वेळी मध्येच पंचम येऊन सगळं बिघडायचं. मग डोक्यात उजेड पडला. मालकंसात पंचम नाहीच, तंबोरासुद्धा मध्यमात लावतात! पंचमाच्या दोन्ही तारा, पाचवी आणि दुसरी, आणखी एकेक स्वर खाली आणल्या. सा, म, सा, कोमल ग, म, सा. दादा, अंगावर काटा आला. हे कुठल्या पुस्तकात असेलही, पण मला माझ्या खोलीत सापडलंय. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तेच आहे. मध्ये शेजारचा कुत्रा भुंकतो, त्याकडे दुर्लक्ष कर.

हॅरॉल्ड सापडले का? त्यांना हे आवडेल का, याचीच धाकधूक आहे.
जीव लावतोस तसाच लावत राहा.
सुनेत्रा

सनीव्हेल,
८ सप्टेंबर १९८५

चि. सुनेत्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सापडला! कॅफेटेरियातल्या बाईंना तो ख्रिसमसला कार्ड पाठवायचा, त्यांच्याकडे पत्ता निघाला. काल वहिनी आणि मी ड्राइव्ह करून सांता क्रूझच्या डोंगरात गेलो. छोटं घर, अंगणात टोमॅटो. नोकरीबद्दल विचारलं तर खांदे उडवले. थोडा वाळलाय.

पहिली बाजू त्याने डोळे मिटून ऐकली. मधूनच मान हलवायचा, हसायचा. दुसरी बाजू लागली आणि डोळे उघडले. उठून त्याने आपली गिटार आणली आणि तुझ्याबरोबर वाजवायला लागला. जमेना. कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकलं. तीनदा. मग माझ्याकडे वळून विचारलं की ही मुलगी करतेय तरी काय. मी तुझं पत्र खिशातून काढलं आणि त्याला समजेल असं वाचून दाखवलं.

त्याने पाचव्या आणि दुसऱ्या तारेच्या खुंट्या हळूहळू फिरवल्या. सहाही तारांवरून अंगठा फिरवला आणि तो आवाज पूर्ण विरेपर्यंत बसून राहिला. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. मग तो म्हणाला, चाळीस वर्षं मी एकाच खोलीत राहत होतो, तिला दार आहे हे मला माहीत नव्हतं.

थँक्सगिव्हिंगचं तिकीट काढ आणि गिटार घेऊन ये. त्याने तुझ्यासाठी प्रश्न लिहून ठेवलेत, अकरा आहेत. मी त्यांतला एकही सोडवू शकत नाही.

वाट बघणारे,
तुझे दादा-वहिनी