नीलमाचा भाव

शुक्रवार, ७ मार्च

रसामीने चार लाख बाट एकाच नीलमात घातले. होते नव्हते ते सगळे! माझी लेक, आणि मला विचारलंसुद्धा नाही. जन्मभर कानीकपाळी ओरडतोय — एका खड्यात पुंजीचा दहावा हिस्सा, वर एक बाट नाही. एवढा मोठा खडा घेणारे आमच्या चांथाबुरीच्या रत्नबाजारात दोन-चार, तेही आले तर! तर म्हणते, "चिल्लर खडे विकून तुम्ही काय मिळवलंत, बाबा?"

त्याच चिल्लर खड्यांवर वाढली कार्टी.

रविवार, १६ मार्च

एका गिऱ्हाइकाने दोन लाख सांगितले. हिने नीलमाची पुडी ओढून घेतली. त्यानंतर कोणी फिरकलं नाही.

शनिवार, २९ मार्च

तिच्या आवडीच्या खेकड्याच्या नूडल्स केल्या. नुसती चिवडत बसली. म्हणाली, "सोंक्रानच्या सणापर्यंत गेला नाही, तर मिळेल त्या भावाला फुंकते आणि रायोंगच्या कारखान्यात जाते. हे माझं काम नव्हे."

तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. हिने भांडी आपटल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. जाऊ कशी देऊ?

शुक्रवार, ४ एप्रिल

केलं! माझा जुना दोस्त सोम्पोप, दलाल — त्याला तिच्याकडे धाडला. नाव त्याचं, पैसे माझे. रिवाजाप्रमाणे त्याने पुडीला टेप लावली, वर भाव लिहिला: चार लाख तीस हजार. टेप लागली की मालक हो-नाही म्हणेपर्यंत पुडी दुसऱ्याला दाखवायची नाही. हिने तिथल्या तिथे हो म्हटलं.

सोम्पोप म्हणतो, "काय रे शहाण्या, दहावा हिस्सा कुठे गेला?" म्हटलं, गप बस. नीलम माझ्या कपाटात आहे, पुंजी जवळपास सगळी संपली. संध्याकाळी पोरगी गुणगुणत आली, लहानपणी करायची तसं माझ्या गालाला नाक लावून गेली. असा वाईट सौदा कधी केला नव्हता. इतका आनंदही कधी झाला नव्हता.

रविवार, ६ एप्रिल

रसामी धावत आली. माझ्या हातावर नीलम ठेवला — हुबेहूब तसाच, जोडीचा! "विकणारा साडेचार लाख सांगत होता, बाबा. परवा माझ्या खड्याला चार-तीस आलेले सगळ्या बाजाराला ठाऊक आहे ना! घासाघीस करून चार-तीसलाच तोडला. सगळे लावले. आता कुठलं रायोंग!"

त्या भावाला घेणारा अख्ख्या बाजारात मी एकटाच होतो. पण पोर इतकी हसत होती — म्हटलं, छान आहे गं.