पूर्वेच्या भिंतीबाबत

मी, माधव दामोदर भोंडे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण आठवीपर्यंत, राहणार नानाखेडा, उज्जैन, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. पुढे माझ्या शुद्धीवरच वाद होणार, म्हणून सांगून ठेवतो: आज मंगळवार, सकाळी पोहे खाल्ले, मीठ कमी होते.

१. घर माझ्या कमाईचे आहे. फ्रीगंजातल्या दुकानात देवांच्या तसबिरी मढवून ते बांधले. वरचा मजला मुलगा पराग याला. खालची माझी खोली, पूर्वेच्या भिंतीसह, मुलगी प्रतिभा हिला. ती भिंत पाडू नये, तिला रंग देऊ नये.

२. त्या भिंतीवर मी तेलरंगात चित्र काढले आहे. मूळ चित्र इटलीतल्या एका मठाच्या भिंतीवरचे, फार जुने. त्याचा छापील कागद दुकानात मढवायला आला, न्यायला कोणी आले नाही. ओसरीत बसलेली मरियम आणि तिला निरोप सांगायला वाकलेला देवदूत. बायको गेल्यावर त्या एका कागदावरून मी चित्र काढायला शिकलो. मूळ चित्र ओल्या चुन्यावर काढले, असे कागदाच्या मागे छापले होते. म्हणून मीही ताजा चुन्याचा गिलावा करून घेतला आणि ओल्यावरच तेलरंग लावला. चुन्याने तेल खाल्ले. मरियमचा निळा पदर पापडी होऊन खाली पडला. ओल्या चुन्यात पाण्यात कालवलेला रंग मुरतो, तेलाचा नाही, हे मागून कळले. सगळे खरवडले, भिंत वाळू दिली, पुन्हा काढले. देवदूताचा चेहरा तेव्हा साधला.

३. ब्रश आणि काच कापायचा हिरा शैलेंद्र पेंटरला. चित्र पाहून तो म्हणाला होता, "भोंडेजी, पंख तो मुर्गे के लग रहे हैं." पंख मी सुधारले आहेत. त्याने येऊन पाहावे.

४. पराग वाईट नाही. मी बस स्टँडजवळ घेरी येऊन पडलो, तेव्हापासून तो ऑफिसला जाताना बाहेरून कुलूप लावतो. "बाबा, तुम्ही परत कुठं पडलात तर मी किती धावू?" मी म्हटले, "आणि घराला आग लागली तर?" तर तो तेलरंग पातळ करायच्या तारपीनची बाटलीच घेऊन गेला. "घ्या, आता नाही लागणार." मरियमचे हात त्यामुळे राहिले आहेत. सून शर्वरी म्हणते, दिवाळीत खोली रंगवायचीच, आल्यागेल्याला काय सांगायचे?

प्रतिभा देवासला असते. तिला कुलपाचे मी सांगितले नाही. बहीणभावांचे बोलणे तुटेल अशी भीती. आता या कागदावरून कळेल.

५. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, असे वकील फोनवर म्हणाले. मी विचारले, दिवाळी आधी आली तर? ते म्हणाले, "काका, मुलाशी प्रेमाने बोला." बोललो.

तर प्रतिभा, भिंत पांढरी दिसली तरी खोली सोडू नकोस. तेलरंगावर डिस्टेंपर नीट धरत नाही. कोमट पाण्याने, हलक्या हाताने पुसून बघ.

दार बंद असल्यामुळे साक्षीदार खिडकीबाहेर उभे आहेत. त्यांच्यादेखत मी सही करून कागद गजांतून बाहेर देत आहे. चारुलतावहिनी विचारतात, "भाऊ, किल्ली कोणाकडे?" परागकडे. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या कराव्यात आणि कागद प्रतिभाला आजच पोचवावा. तो मला आत परत देऊ नये, मी मागितला तरी.

सही: माधव दामोदर भोंडे

साक्षीदार:
१. चारुलता विपट, शेजारी
२. विक्रांत विपट, शेजारी

नानाखेडा, उज्जैन
७ ऑक्टोबर २०२५