किल्ल्यापेक्षा मोठा हंस

८ मार्च

टेबल-कपाटाचं दार आज साफ केलं – खाली पाडलं की टेबल, वर लावलं की कपाटाचं दार. तीन तास हीट गन आणि स्क्रेपर. वरचा तपकिरी रंग पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटला आणि खालून एक किल्ला निघाला – किल्ला म्हणायचं आपलं! बुरूज उजवीकडे कललेला. पूल काठाला टेकतच नाही, मधेच लोंबकळतोय. कडेचे गुलाब म्हणजे कोबीचे गड्डे.

सत्तरच्या दशकात ही 'टील' बोट कालव्यावर सुट्टीला येणाऱ्या हौशी मंडळींना भाड्याने जायची. त्यातल्याच कुणाचा तरी पावसाळी दुपारचा उद्योग असणार. चौतीस वर्षं मी कालव्यावरच्या बोटींवर परंपरेचे गुलाब नि किल्ले काढतेय, मला कळत नाही होय? क्लिफला हाक मारून दाखवला. क्लिफ आमच्या बोट-यार्डातला सुतार, नियमाचा पक्का. म्हणाला, "ग्लेनिस, खरवडायच्या आधी फोटो काढ." म्हटलं, याचा फोटो काढायला कॅमेरा लाजेल. दोघंही हसलो.

चहाच्या वेळेच्या आत दार कोरं झालं. सुरेख जुनं ओक निघालं खाली.

९ मार्च

प्रायमरचा पहिला हात. पाठ धरलीय.

१० मार्च

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

आज बेरिल आँटी आल्या. बेरिल स्केलहॉर्न, वय ऐंशी. याच केबिनमध्ये जन्मल्या. दहा फूट बाय सात फुटांत आईबाप आणि चार पोरं, मागे जोडबोट, बोटीत कोळसा. त्रेसष्ट साली सगळं सुटलं आणि कुटुंब काठावर राहायला गेलं. केबिन जशी होती तशी करायची तर विचारायला आता त्या एकट्याच उरल्यात. दर गुरुवारी यायचं कबूल केलंय.

बोट रिकामी, आत मी एकटी, तरी त्यांनी बाहेर उभं राहून लाकडावर दोनदा टकटक केलं आणि 'या' म्हणेपर्यंत थांबल्या. म्हणाल्या, बोटीवर दारं सताड उघडी असायची, पण शेजारून जाताना दुसऱ्याच्या केबिनमध्ये कुणी डोकावायचं नाही. आतल्याने बोलवेपर्यंत थांबायचं.

आत येऊन बाकड्यावर बसल्या आणि सवयीने टेबलाच्या दाराकडे हात गेला. दार नव्हतं. म्हणाल्या, त्या दारावर आमच्या वॉल्टीचा किल्ला आहे, वर कुणीतरी तपकिरी फासलंय, पण खाली असणार. वॉल्टी त्यांचा धाकटा भाऊ. त्रेसष्टच्या थंडीत कालवा दहा आठवडे गोठला आणि बोट जागची हलेना, तेव्हा सतरा वर्षांच्या त्या पोराने पाण्याचे कॅन रंगवून उरलेसुरले रंग घेऊन तो काढला. निळा संपला तर आईची कपड्याची नीळ कालवली. पुढच्या शरदात छातीच्या दुखण्याने गेला. एक फोटो नाही, अक्षर नाही – घरात कुणाला लिहिताच येत नव्हतं.

"दार कुठंय पोरी?"

एकसष्टाव्या वर्षी मला पोरी म्हणणारं आता दुसरं कोणी नाही. मी म्हटलं, शेडमध्ये आहे. वरचा तपकिरी काढतेय, नाजूक काम आहे, वेळ लागेल.

का म्हटलं असं? तोंडातून निघून गेलं. त्या जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग पुढे वाकून माझ्या केसांतला काहीतरी कचरा काढला, रुमालात घेतला आणि चहा मागितला. कंडेन्स्ड मिल्कचा, तीन चमचे.

त्या गेल्यावर कचऱ्याच्या पिंपाकडे धावले. क्लिफने कालच रिकामं केलेलं. फक्त दोन दिवस थांबले असते तर! दोनच दिवस!

१२ मार्च

मी दुष्ट नाही. आगाऊ आहे. पण त्या पोराचा किल्ला दोन्हीमुळे सारखाच गेला असता.

१७ मार्च

आज सांगणारच होते. वाक्य पाठ करून गेले. पण बेरिल आँटी बसल्या बसल्या बोलायलाच लागल्या – म्हणे, त्या चित्रात एक हंस होता, आणि वॉल्टीला मापाचं काही कळत नव्हतं, म्हणून तो हंस किल्ल्यापेक्षा मोठा होता. "दिसला का गं तुला हंस?"

मी किल्ला पाहिला होता. हंस आठवेना. पण मी तर हसण्यात गुंग होते, पाहिलं होतं कुठे धड? म्हटलं, थोडासा दिसायला लागलाय. मान.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी केटल चढवली.

२० मार्च

ठरवलं. दार पुन्हा रंगवायचं, तसंच. आठवेल तेवढं मी, उरलेलं आँटी सांगतील. त्यांना त्यांच्या वॉल्टीचा किल्ला मिळेल, यात वाईट काय?

सगळंच वाईट आहे, मला कळतं. तरी नीळ मागवली.

२९ मार्च

वाईट काढता येत नाही! हसू नकोस, वही. बुरूज कलता काढायला जावं तर हात आपोआप सरळ करतो. गुलाबाची पाकळी चौतीस वर्षांच्या वळणाने बरोबर जाऊन बसते. सहा फळ्या वाया गेल्या. शेवटी डाव्या हाताने काढलं. डाव्या हाताचे गुलाब – कोबीचे गड्डे, हुबेहूब.

क्लिफने पाहिलं. जाताना फक्त म्हणाला, म्हातारीला सांग. मी म्हटलं, तू तोंड बंद ठेव. इतक्या वर्षांत त्याच्याशी असं बोलले नव्हते.

३१ मार्च

आँटींनी आज कुत्रा सांगितला. लाल कुत्रा, पुलावर उभा. लाल का, तर तपकिरी रंग नव्हता. माझ्याकडे बघून थांबल्या. "तोही निघाला असेल वर?"

"हो, शेपटी दिसते."

त्या गेल्यावर लाल रंग कालवला.

१४ एप्रिल

शेगडी लागली, केबिन उबदार झाली. भिंतींवर ओकच्या लाकडासारख्या रेषा रंगवून झाल्या, शोभेचे पितळी गोळे बसले, कपाटाला लेसची झालर आली. आँटींनी स्वतः विणलीय ती, दुखऱ्या बोटांनी. मला बेकनचं सँडविच करून दिलं, त्याच शेगडीवर. म्हणाल्या, आमच्या आईनंतर या केबिनमध्ये इतकं मन लावून काम करणारी तूच.

हे ऐकण्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली असती.

२१ एप्रिल

धुण्याची दोरी. बुरुजापासून झाडापर्यंत, तिच्यावर त्यांच्या वडिलांच्या लांब चड्ड्या वाळत घातलेल्या. हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मीच हसले, भलत्याच मोठ्याने. नंतर त्यांनी विचारलं, "तुला काही बोलायचंय का ग्लेनिस?" पहिल्यांदा नावाने. मी म्हटलं, नाही, डोकं दुखतंय.

दोरी काढली. तीन चड्ड्या.

१९ मे

सूर्य आणि चंद्र. दोन्ही एकाच आभाळात. जागा उरली नव्हती, चंद्र कोपऱ्यात कोंबला.

२ जून

दार तयार. चहाच्या पाण्याने मळवलं, पिवळं वार्निश दिलं, आठवडाभर शेगडीच्या धुरावर धरलं. कुणी म्हणणार नाही त्रेपन्न वर्षांचं नाही म्हणून. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बारकाईचं काम हे, आणि त्याखाली मला माझं नाव घालता येणार नाही. बरं झालं.

१६ जून

यार्डवाल्यांनी दाराखाली लावायला पितळी पाटी केली. 'वॉल्टर स्केलहॉर्न, १९६३. मूळ चित्र.' स्क्रू मीच मारले. एक वाकडा गेला. काढला, परत मारला.

२५ जून

मेळावा झाला. चाळीस-पन्नास जुन्या बोटी, भोंगे, धूर, गर्दी. केबिन पाहायला रांग होती. सगळ्यांत आधी बेरिल आँटींना आत सोडलं. त्यांनी टकटक केलं. मी आतून 'या' म्हटलं.

दार वर लावलेलं होतं, चित्र समोर. त्या बाकड्यावर बसल्या आणि पाहत राहिल्या. हंसावर बोट ठेवलं. मग कुत्र्यावर, मग एकेका चड्डीवर, मग सूर्यावर आणि चंद्रावर, शाळेत हजेरी घ्यावी तसं.

"सगळं आहे," म्हणाल्या. "मी सांगितलेलं सगळं आहे."

बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रडलं. त्या उठल्या आणि चहा न घेता गेल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आनंदाने गहिवरल्या असतील, असं क्लिफला म्हटलं. तो रांग आवरायला निघून गेला.

२८ जून

आजही यार्डात गेले नाही. त्या पाटीवर एका मेलेल्या पोराचं नाव आहे आणि हात माझा आहे. लोक त्या पोराला हसतील, कौतुक करतील, त्याने न काढलेल्या रेषांचं. मी त्याचं चित्र खरवडलं ते चुकून. हे मात्र मी शंभर दिवस रोज सकाळी उठून, चहा पिऊन केलं.

केबिनचं काम संपलं, आता गुरुवारी त्या यार्डात येणार नाहीत. मीच जाईन.

३० जून

गेले. त्यांच्या दारावर दोनदा टकटक केलं आणि बोलावेपर्यंत थांबले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, कोबीच्या गड्ड्यांसकट, हसले होते त्यासकट.

त्यांनी ड्रॉवरमधून रुमाल काढून घडी उघडली. आत नखाएवढा निळा पापुद्रा. नीळ घातलेला निळा, दुसरा तसा नसतोच. "पहिल्याच दिवशी तुझ्या केसांत होता," म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे खुर्ची सरकवली.

"वॉल्टीने नुसता किल्ला काढला होता, पोरी. किल्ला, पूल आणि फुलं. हंस नव्हता, कुत्रा नव्हता, आमच्या बापाच्या चड्ड्या तर नव्हत्याच. मी दर खेपेला एक वाढवत गेले. म्हटलं, एवढ्यावर तरी ही बोलेल."