पाण्यात न गेलेला पंप

बाबा, आज कामानिमित्त ड्युसेलडॉर्फला आले होते. स्टेशनकडे परत चालताना ते हॉटेल दिसलं, जिथे तुम्ही मला त्या बुडालेल्या जहाजवाल्या लोकांच्या सभेला घेऊन गेला होतात. आता तिथे जिम झाली आहे. काचेआड माणसं एका जागी धावत होती आणि मी फुटपाथवर उगीचच उभी राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी जे बोलायचं ते मनातल्या मनात बोलायची सवय होऊन गेली आहे. आज लिहून बघते.

त्या वर्षी कारखान्याने तुमचा विभाग बंद केला. उभं आयुष्य तुम्ही पंप बनवण्यात घालवलं होतं. आर्बाइट्सआम्टमधल्या, म्हणजे रोजगार कार्यालयातल्या बाईने तुमचं वय पाहिलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की कठीण आहे. तरी तुम्ही रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात बसायचात. आई तुमच्यासमोर पोह्यांची बशी ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. अशात एका माणसाचा फोन आला; पुढे सभेत पाहिला तो, उन्हाने रापलेला, चांगला सूट घातलेला. तो म्हणाला, काही शतकांपूर्वी अमेरिकेतून चांदी घेऊन येणारं एक स्पॅनिश जहाज स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याजवळ वादळात बुडालं होतं. आता ते वाळूखाली आहे, वाळू उपसायला खास पंप हवा, आणि तो तुम्हीच बनवू शकाल. मोहिमेत जो पैसे घालेल त्याला चांदीत वाटा मिळेल. सभेत त्याने तुम्हाला स्टेजवर बोलावलं, 'आमचे इंजिनिअर' म्हणाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर समुद्राच्या तळाची चित्रं चालली होती, पण मी तुमच्याकडेच बघत होते. कितीतरी दिवसांनी तुमचे खांदे सरळ झाले होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, जहाज नक्की कुठे आहे हे त्यांना अजून माहीत नाही. मग नफा किती होणार हे आत्ताच कसं सांगतात? आणि स्पेनचं सरकार गप्प बसेल? सापडलं तर ते आमचं म्हणतील." तुम्ही चमचा खाली ठेवलात. "तू बॉनला ऑफिसात बसतेस. समुद्रातलं काम तू मला शिकवणार?" आई म्हणाली, "अहो, ती काळजीने बोलतेय." तुम्ही म्हणालात, "काळजी मला पुरेशी मिळाली आहे. आता काम मिळालंय."

नोकरी गेल्याचे जे पैसे मिळाले होते ते तुम्ही त्यात घातलेत. दुसऱ्या कुणाकडे तुम्ही कधी पैसे मागितले नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. गणपतीला मंडळी जमली तेव्हा लोकच तुमच्याभोवती गोळा झाले. "तुम्ही आहात ना त्यात? मग झालं तर!" पुण्याहून इकडे आलेली तीन कुटुंबं, सगळी ओळखीची, त्यांच्यासाठी तुमचं नाव हीच हमी होती; त्यांनीही पैसे घातले. हिवाळ्यात तुम्ही पंप बनवून स्पेनला पाठवलात. वसंतात त्या माणसाने सगळ्यांना बोलावून काळं पडलेलं चांदीचं एक नाणं हातोहात फिरवलं. तुमच्या पंपाने वर काढलेलं, म्हणाला. तुम्ही मला बॉनला फोन केलात. "अगं, निघालं! खरंच निघालं!" तुमचा आवाज इतका मोठा होता की शेजारच्या टेबलावरची बाई माझ्याकडे बघून हसली.

तुम्हाला ते जहाज पाहायचं नव्हतं, तुम्हाला तुमचा पंप चालताना पाहायचा होता. ते लोक आज हवा वाईट, उद्या परवाना यायचाय, असं सांगत राहिले. शेवटी तुम्ही स्वतःच तिकीट काढून स्पेनला गेलात. परत आलात ती दुपार मला आठवते. मी घरीच होते. तुम्ही कोट न काढता खुर्चीवर बसलात. आई पाणी घेऊन आली.

"बोट बंदरातच बांधलेली आहे," तुम्ही म्हणालात. "राखणदाराला म्हटलं, मी हा पंप बनवलाय, त्याने वर येऊ दिलं. झाकण उघडलं. आत मी लावलेलं ग्रीस तसंच्या तसं आहे. वाळू ओढलेल्या पंपाची पाती खरवडून निघतात गं. ही आरशासारखी आहेत. त्याच्यात पाणी कधी गेलंच नाही."

"मग ते नाणं?" आईने विचारलं.

"विकत आणलं असेल. अशी नाणी दुकानात मिळतात."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला गाडी काढायला सांगितलीत. मी म्हटलं, आधी वकिलाला विचारू, पोलिसांकडे जाऊ. तुम्ही म्हणालात, "पोलिसांकडे नंतर. आधी त्या तिन्ही घरांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे." पहिल्या घरी काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार उघडून उभे राहिले, आपण जावं म्हणून. दुसऱ्या घरी काकू रडल्या. त्यांच्या मुलाला काय झालं ते कळेना, तो जर्मनमध्ये सारखा विचारत राहिला, आई, काय झालं? तिसऱ्या घरी आजी म्हणाल्या, "बसा हो, चहा घेऊन जा. तुम्ही थोडंच बुडवलंत?" त्या चहाला तुम्ही हात लावला नाहीत. गाडीत मला म्हणालात, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पोलिसांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. कंपनी कुठल्याशा बेटावर नोंदलेली, माणसाचा फोन बंद. कुणाला काही परत मिळालं नाही. त्यानंतरच्या गणपतीला आपल्याला बोलावणं आलं नाही. आईने घरीच मोदक केले आणि आपण तिघांनीच खाल्ले. पुढे तुम्ही आजारी पडलात, आणि त्या घरांतून भेटायला फक्त आजी आल्या. मी हे सगळं काही धडा मिळाला म्हणून लिहीत नाही. आता ऑफिसात कुणी नव्या गुंतवणुकीची गोष्ट काढली की मी विचारते, पैसे कुणाच्या हातात राहणार, परवाना कुणी दिलाय, काम चालू असताना बघायला मिळेल का. लोक हसतात, किती संशयी आहेस म्हणतात. ऐकत कुणीच नाही. तुम्हीही ऐकलं नव्हतंत, आणि तुम्ही त्यांच्यापेक्षा हुशार होतात.

हे पत्र कुठे पाठवणार? आईलाही दाखवणार नाही. ती आता या विषयावर उठून जाते. फक्त एक सांगते. कुठल्या समुद्रात जुनं स्पॅनिश जहाज सापडल्याची बातमी आली की मी हातातलं काम टाकून शेवटपर्यंत वाचते, किनारा कुठला, चांदी होती का. पैसे कधीच येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी वाटतं, कुणाला तरी ते सापडावं. निदान तिथे जहाज होतं, एवढं तरी खरं ठरेल.