कशी लागली ते कळव

आखाडा बाळापूर

प्रिय चिन्मय,

बाटली पोचली. खोक्यावरच बियरचं चित्र होतं, त्यामुळे आमच्याआधी ती गल्लीनं पाहिली. सोबत तुझी चिठ्ठी, ‘आई, कशी लागली ते कळव.’ कळवते. फोन केला की तू ‘नंतर बोलतो’ म्हणतोस, आणि दोन खोल्यांच्या घरात मी काहीही बोलले तरी तुझ्या बाबांना ऐकू जातं. म्हणून हे पत्र.

या वयात पहिल्यांदाच प्यायले. फुलपात्रात ओतली. रंग काळपट तांबडा, चिंचेच्या सारासारखा. वास जुन्या लाकडी पेटीचा, आणि त्याखाली मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा. पहिल्याच घोटाला दात आंबले. मग मागून पिकल्या बोरांचा गोडवा आला, आणि आवळा खाल्ल्यावर राहतो तसा तुरटपणा जिभेवर राहिला. चांगली आहे रे. वाईट असती तर मोरीत ओतून मोकळी झाले असते.

बेल्जियमच्या पद्धतीनं दोन वर्षं लाकडी पिंपात मुरवलीस म्हणे. त्या पिंपाला तू एकही रविवार एकटं सोडलं नाहीस. त्या दोन वर्षांत इथे एकदा आलास, तेही मित्राच्या लग्नाला नांदेडला आला होतास म्हणून. चहा प्यालास आणि गेलास.

बाबांना पित्त झालंय असं मी सांगितलं होतं, ते खोटं. त्यांचं लिव्हर निकामी होत चाललंय. नांदेडच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “किती पिता?” सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस ‘नाही’ म्हणाला, तर डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. तपासण्यांनंतर त्यांना पटलं, न पिणाऱ्यालाही हे होतं म्हणाले. पण गावाला कोण पटवणार? किराणावाले गुलाबचंद गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, “लेक दारू करून राहिला, बाप पिऊन राहिला.” मी दुकानातच भांडले. तुझी बाजू घेऊन भांडले, चिन्मय. घरी येईपर्यंत मात्र सगळा राग तुझाच येत होता.

डॉक्टरांनी थेंबही नको म्हटलंय. तरी बाबांनी माझ्या फुलपात्रात बोट बुडवून जिभेला लावलं. मी ओरडले. त्यांनी तोंड वाकडं केलं, मग हसले. “मुरलीय बराबर,” म्हणाले. नंतर बाटली उजेडात धरून तिच्यावर तुझं नाव कुठे आहे का, ते शोधत बसले.

आता खरं कारण. हैदराबादचे डॉक्टर म्हणतात, घरच्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तर बाबा जगतील. माझ्या मधुमेहामुळे मला नाकारलं. तुझा रक्तगट त्यांचाच आहे. ‘पोराला विचारायचं नाही,’ अशी शपथ त्यांनी मला घातलीय. ती मी मोडतेय. निघून ये. पण त्याआधी एक सांग, आणि आईशी खोटं बोलू नकोस. रोज चाखावी लागते म्हणतोस, तर तू ती रोज किती पितोस?

तुझीच,
आई