तुझ्या वाटची साल

प्रिय वायलाम,

हात दोनदा धुतले तरी बोटं अजून चिकट आहेत, तेव्हा कागदावर डाग पडले तर नाक मुरडू नकोस. मी जॅम केला आहे. हो, मीच. सकाळपासून घरात असा गोडमिट्ट वास कोंडला आहे की मळमळतंय. ओटा, चमचे, दाराची कडी, सगळं बरबटलंय, आणि बाबांच्या चपलेखाली साखर चिकटल्यामुळे ते चालले की चपचप आवाज येतो. फळ हातात धरून सरळ खाता येत असताना त्याचा लगदा करायचा, साखरेत बुडवायचा आणि वर त्यात मसाले घालायचे, ही कल्पनाच मला किळसवाणी वाटत आली आहे. करून पाहिल्यावरही मत बदललेलं नाही. फोनवर सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की तू "बरं आई, ठेवते" म्हणतेस. म्हणून लिहिते आहे.

हा प्रकार आपल्या घरात आणला तुझ्या रुओलानने. आठवतं ना, गेल्याच्या गेल्या नववर्षाला छंगतूहून तू तिला घेऊन आलीस, "एकाच घरात राहतो, मैत्रीण आहे" म्हणून. सणाच्या दुसऱ्या दिवशी मी उठून बाहेर येते तो दारातलं नारंगीचं झाड अर्धं बोडकं! लाल पाकिटं तेवढी लटकताहेत आणि फळं गायब. सण संपेपर्यंत आपल्याकडे कोणी त्या झाडाच्या पानालाही हात लावत नाही. वर्षाचं नशीब असतं ते घराचं. आणि ही बया ते नशीब खुडून माझ्या सूपच्या भांड्यात उकळत होती, चक्रीफूल आणि तिच्या सिच्वानचं तिरफळ घालून. "काकू, एवढी छान फळं नुसती सुकून गेली असती!" म्हणाली वर. कुंडीतल्या झाडावर किती औषध फवारलेलं असतं ते तिला काय ठाऊक. मी सगळं मोरीत ओतलं आणि भांडं राखेने घासलं. बाबा तर दाराशी उभे राहून बोडक्या झाडाकडे असे बघत होते, जणू घरात कोणी गेलंय.

कानापर्यंत लाल झाली होती बिचारी. पण बाजारात जाऊन दुसरी नारंगी फळं घेऊन आली आणि पुन्हा मांडून बसली. हट्टी आहे. तिचा तो जॅम मी चाखला आणि तिथेच सांगितलं, खोकल्याचं औषध बरं. जीभ बधिर झाली होती माझी. एक गोष्ट मात्र तुला कधी बोलले नाही. मागच्या पायरीवर बसून ती सुईने एकेक बी काढत होती. दाताखाली बी आली की तुझ्या अंगावर काटा येतो, लहानपणापासून, हे मला सोडून कोणाला माहीत नव्हतं. आणि जॅम झाल्यावर पहिला चमचा तिने फुंकर घालून तुला दिला. मला नाही, बाबांना नाही. घरात थोरली माणसं बसलेली असताना! त्या उद्धटपणाचा राग मला बरेच दिवस पुरला. मग राग सरला आणि नुसता तो चमचा डोळ्यांसमोर यायला लागला.

आता इकडची बातमी. तुझ्या काकूच्या साउमानचं लग्न ठरलं. मुलगा बरा आहे, मान जरा आखूड आहे, पण बरा आहे. पंचाईत अशी की रुखवतात सालीची बरणी नाही. साउमान जन्मली तेव्हा त्यांनीही आपल्यासारखीच त्या वर्षीच्या संत्र्यांची साल तीन पाकळ्यांत सोलून, वाळवून ठेवली होती. पण जुन्या सालीचा भाव चढला तशी तुझ्या काकूने ती व्यापाऱ्याला विकली आणि बैठकीत तो कोरीव लाकडी सोफा आणला, ज्यावर पाच मिनिटं बसलं की कंबर धरते. पोरीच्या वाटची साल विकून सोफा! मला तेव्हाच शिसारी आली होती. आता आपल्या शिनहुई गावची मुलगी सालीशिवाय सासरी गेली तर लोक काय म्हणतील, याची तिला रात्रंदिवस काळजी.

मग ती आमच्याकडे येऊन बसायला लागली. रोज. कधी चहा, कधी खरबुजाच्या बिया, टरफलं फरशीवर थुंकत. शेवटी बोललीच. "वहिनी, तुमची वायलाम काही आता लग्न करत नाही. कोण विचारणार तिला? मग ती बरणी काय थडग्यात न्यायची आहे तुम्हाला? साउमानला द्या, घरातली साल घरात राहील." मग पुढे सरकून, आवाज खाली घेऊन, "ती तिकडे त्या मुलीबरोबर राहते म्हणे. लोक काय काय बोलतात, मी नाही हो ऐकत कोणाचं." आणि न ऐकलेलं सगळं मला ऐकवलं, तोंडातली बी इकडून तिकडे फिरवत. मी तिच्यासमोरची बियांची बशी उचलून आत नेली. लोकांमुळे नाही, तिच्या त्या चवीने बोलण्यामुळे. ती गेल्यावर तुझे बाबा म्हणाले, "देऊन टाक. भावाशी वाद नको. नाहीतरी..." आणि थांबले. त्या "नाहीतरी"ची जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कशाची आली नाही. त्या दिवशी मी त्यांना भात वाढला आणि बरोबर काही दिलं नाही.

तरी मी बरणी दिली नव्हती. मग भिंतींना घाम फुटायचे दिवस आले. दक्षिणेचा ओला वारा, फरशीवर पाणी, आरशात तोंड दिसत नाही, कपाटातल्या बुटांवर हिरवी लव. या दिवसांत सालीची बरणी उघडायची नसते हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी बाजारातून आले तर तुझी काकू आमच्या कपाटासमोर उकिडवी बसलेली, बरणीचं मेण फोडलेलं, आणि हात कोपरापर्यंत आत. "वासच घेत होते हो, खरंच जुनी आहे का बघायला." तिच्या बोटांवर भाजलेल्या हंसाची चरबी चमकत होती! बाबांसाठी आणलेला हंस तिनेच अर्धा संपवला होता. त्या तुपकट बोटांनी तिने तुझी साल चिवडली. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. शेजारची म्हणते की ओरडले, बरंच.

चार दिवसांत व्हायचं तेच झालं. बरणी उघडली तर बुरशीचा वास. मी सगळी साल चादरीवर पसरली आणि एकेक पाकळी नाकाला लावून पाहिली. काही मऊ, काही चिकट, काहींवर पांढरे केस आलेले. शी! ओकारी दाबत ती उचलून टाकली. दर हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की मी ती उन्हात काढायचे, तू शाळेतून आलीस की तुला राखण बसवायचे. निम्म्याहून जास्त तरीही चांगली निघाली, काळीभोर, चमकदार. पण ऊन हिवाळ्यापर्यंत मिळणार नव्हतं आणि तोवर तीही गेली असती. काकूने निरोप पाठवलाच, "खराब व्हायच्या आत द्या, धुऊन घेईन." धुऊन!

तेव्हा मी बाजारातून अननस आणले. साल भिजवून केसासारखी बारीक चिरली. खडीसाखर, आलं, चक्रीफूल घातलं, आणि रुओलान करते तसं तिरफळ फडक्यात बांधून सोडलं आणि वेळेत काढलं. इतकी जुनी साल अननसात शिजवायची, या गावात हे पाप आहे, मला माहीत आहे. ढवळताना माझाच जीव गोळा होत होता. वास पार गल्लीत गेला आणि काकू चपला न घालता धावत आली. कढईत डोकावली आणि किंचाळली, "वहिनी, वेड लागलं का? एवढी जुनी साल! जॅममध्ये?" मी म्हटलं, "चाखतेस? हात धुऊन ये." पुन्हा या घराची पायरी चढणार नाही म्हणत ती तशीच बाहेर गेली, घर कसं स्वच्छ वाटतंय. बाबा तेवढा वेळ कोपऱ्यात उभे होते. ती गेल्यावर त्यांनी चमचा बुडवला, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा बुडवला. मग काही न बोलता माळ्यावर चढून दोन सारख्या बाटल्या शोधून आणल्या आणि स्वतः उकळत्या पाण्यातून काढल्या. मी आज त्यांना माशाचा मोठा तुकडा वाढला.

दोन बाटल्या पाठवते आहे. झाकणांवर लाल कागद आहे आणि बरोबर चमच्यांची जोडी, ते कशासाठी हे तुला वेगळं सांगायला नको. साल मुलगी आपल्या घरी जाते तेव्हा द्यायची असते. मी ती घेऊन तुझ्या लग्नाची वाट बघत बसले, आणि तू तुझ्या घरी केव्हाच गेली होतीस. कोणी विचारलं तर सांगते, वायलामची साल वायलामच्या घरी गेली. पुढच्या नववर्षाला दोघी या. झाड बिनफवाऱ्याचं आणते, पण सण संपेपर्यंत हात लावायचा नाही, तिला बजावून ठेव. जॅम भयंकर गोड झाला आहे, तिला विचार माझं काय चुकलं. आणि मला "काकू" म्हणणं आता पुरे झालं म्हणावं, त्या शब्दाची मला शिसारी बसली आहे. तू म्हणतेस तेच तिनेही म्हणावं.

तुम्हा दोघींची,
आई